बॅजच्या कार्डावर सही करणाऱ्यांना आणि त्यांना नेमणाऱ्यांना खुले पत्र

सर्व पथकांचे स्काउटमास्टर, पथक समित्यांचे सदस्य आणि बॅज शिकवणारे माझे सहकारी मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

स्काउटिंगमध्ये एखादा विषय शिकून करून दाखवला की मुलांना त्या विषयाचा बॅज मिळतो, आणि त्यासाठी त्यांच्या कार्डावर विषयाच्या मार्गदर्शकाची सही लागते. मी मुलांना प्रथमोपचाराचा आणि खगोलशास्त्राचा बॅज शिकवतो. मी पथकाचा नेता नाही, शिबिरांनाही क्वचितच जातो. एखाद्या मुलाला किंवा मुलीला यांपैकी एखादा विषय शिकायचा असला की ती मला गाठतात, काही वेळा भेटतात, मी त्यांची तयारी बघतो आणि कार्डावर सही करतो. या सहीच्या आजूबाजूला जे घडतं किंवा घडू शकतं, त्याकडे आपलं पुरेसं लक्ष नाही असं मला वाटतं. म्हणून हे पत्र.

स्काउटिंगमध्ये मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणं शिबिरावर येतं. तंबूत कोणी कोणाबरोबर झोपायचं, पाण्यात उतरताना काठावर कोण उभं राहणार, आंघोळीच्या जागा वेगळ्या आहेत का. हे सगळं हवंच. पण शिबिरात निदान माणसं असतात. एकाचं चुकलं तर दुसऱ्याच्या नजरेस पडतं. बॅजचं काम या वर्दळीच्या बाहेर चालतं. मार्गदर्शक पुष्कळदा पथकाबाहेरचा असतो. कोणी डॉक्टर, कोणी सुतारकामात मुरलेला, कोणी रेडिओवाला. तो नेत्यांच्या रोजच्या ओळखीतला नसतो. त्याच्याशी संपर्क मुलानं स्वतः करायचा असतो, वेळ मुलानं ठरवायची असते, आणि विषय असा असतो की त्याची साधनं त्या माणसाच्या घरी, गॅरेजमध्ये किंवा गच्चीवर असतात. म्हणजे मोठं माणूस आणि मूल एकटे भेटण्याची सोय आपल्या पद्धतीतच आहे. तिथं वाईट हेतूच्या माणसाला काही वेगळं घडवून आणावं लागत नाही.

त्यात भर पडते सहीची. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाचं एखाद्या मुलाशी पटलं नाही तर बाकीचे शिक्षक असतात. इथं त्या बॅजपुरता सही करणारा एकच. अमेरिकेत 1911 साली बॅजची योजना सुरू झाली तेव्हा 57 बॅज होते, आज 130 हून जास्त आहेत. तिथल्या सर्वोच्च ईगल पदाला 21 बॅज लागतात आणि सगळं काम अठरावा वाढदिवस यायच्या आत संपवावं लागतं. आता साडेसतरा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. वीस बॅज झालेत, एक राहिलाय आणि तो ज्याच्या हातात आहे तो माणूस म्हणतोय, ‘रविवारी दुपारी एकटाच ये, शांतपणे बघू.’ हा मुलगा नाही म्हणेल? आणि त्यानं नाही म्हणावं, ही अपेक्षा त्याच्यावर टाकणारे आपण कोण?

नियम मोठ्यांनी पाळायचा असतो. मुलानं तो पाळून घ्यायचा नसतो. एवढं एक मान्य झालं तर पुढचं सगळं सोपं आहे.

मुद्दा नवा नाही, आणि त्याची किंमत चुकवून झालेली आहे. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका (2025 पासून ‘स्काउटिंग अमेरिका’) ही संस्था मुलांवरच्या अत्याचाराचा संशय असलेल्या स्वयंसेवकांच्या गोपनीय फायली कित्येक दशकं ठेवत होती. 2012 साली ओरेगन राज्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1965 ते 1985 या काळातल्या बाराशेहून अधिक फायली उघड झाल्या. त्या वाचताना अंगावर येतं ते हे, की अनेक ठिकाणी लोकांना माहीत होतं. गावातला मान्यवर माणूस, त्याच्या घरच्यांची अब्रू, चळवळीचं नाव, असं म्हणत प्रकरण मिटवलं गेलं, माणसाला गुपचूप निरोप दिला गेला, आणि काही जण दुसऱ्या पथकात पुन्हा उगवले. फेब्रुवारी 2020 मध्ये संस्थेनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्या प्रक्रियेत 82 हजारांहून जास्त लोकांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले. भरपाईची 2.46 अब्ज डॉलरची योजना 2023 च्या एप्रिलमध्ये अमलात आली. त्या फायलींच्या काळातही कुठे काय चाललंय याची लोकांना कुणकुण होती. तोंड उघडून बोलायची मात्र कोणाची छाती झाली नाही, कारण समोरचा माणूस सज्जन म्हणून प्रसिद्ध होता. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथं ती भीड मुलांच्या जिवावर उठली.

आज त्याच संस्थेचा लेखी नियम असा आहे की कोणत्याही प्रौढानं मुलाला एकट्यानं भेटायचं नाही, ना कार्यक्रमात, ना कार्यक्रमाबाहेर. खाजगी बोलणं भाग असेल तर ते इतरांना माहीत असताना आणि इतरांच्या नजरेसमोर. फोनवर आणि इंटरनेटवरही तेच. मुलाला पाठवलेल्या संदेशात पालक किंवा दुसरा नोंदणीकृत नेता असलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये स्काउटच्या प्रत्येक मोठ्या माणसाला वागणुकीची संहिता एका पिवळ्या कार्डावर छापून मिळते. स्काउटांच्या जागतिक संघटनेचं मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावाचं धोरण आहे. म्हणजे कागदावर कमी काही नाही. कागदावरचा नियम मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, मुलाचा फोनवर संदेश येतो त्या क्षणी, नेमका कसा वापरायचा ते आपण मार्गदर्शकांना दाखवत नाही. उणीव ती आहे.

तो संदेश साधारण असा असतो: ‘सर, मला खगोलशास्त्राचा बॅज करायचाय. कधी येऊ?’

उत्तर देण्याआधी मी त्या संभाषणात त्याच्या आईला किंवा वडिलांना आणि पथकाच्या एका नेत्याला घेतो आणि मग लिहितो: ‘छान. तुझ्या पथकातलं अजून कोण करतंय का ते बघ. निदान एक जोडीदार घेऊन ये. पहिली भेट सार्वजनिक वाचनालयात, शनिवारी चारला. आईबाबांपैकी कोणी थांबणार असेल तर उत्तम. पुढचं सगळं बोलणं आपण याच गटात करू.’ चार ओळी. मुलाला यात काही खटकत नाही, कारण पहिल्यापासून रीत अशीच आहे हे त्याला दिसतं. उद्या दुसऱ्या कोणी ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ म्हटलं, किंवा वाचल्यावर आपोआप पुसला जाणारा संदेश पाठवला, तर ते वेगळं आहे हे त्याच्या चटकन लक्षात येईल. चांगली रीत अंगवळणी पडली की वाईट रीत वाईट म्हणून ओळखता येते. मुलांना या बाबतीत भाषणं देण्यापेक्षा मला हा मार्ग जास्त पटतो.

आता माझे दोन विषय. खगोलशास्त्र रात्रीच करावं लागतं, त्याला इलाज नाही. अंधार, उघडी गच्ची किंवा माळरान, दुर्बिणीच्या भिंगाला डोळा लावलेलं मूल आणि मागे उभा असलेला मोठा माणूस. वर्णन वाचूनच लक्षात येईल की इथं दुसरं मोठं माणूस नसेल तर मी सुरुवातच करू नये. म्हणून रात्रीचं निरीक्षण मी फक्त गटाला देतो, किमान दोन प्रौढ असतात, आणि सगळ्यांकडे लाल कागद लावलेले टॉर्च असतात. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही म्हणून ते खगोलवाले वापरतात. पण कोण कुठे उभं आहे तेही त्यात सगळ्यांना दिसतं. निरीक्षण संपायची वेळ पालकांना आधी कळवलेली असते, आणि शेवटचं मूल जाईपर्यंत दुसरा प्रौढही हलत नाही. घरी सोडायला मी कोणालाही एकट्याला गाडीत घेत नाही, कितीही उशीर होवो, कितीही पाऊस पडो. ‘वाटेवरच तर आहे, सोडतो की’ हे वाक्य भल्या माणसाच्या तोंडून येतं आणि लबाडाच्याही. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात.

प्रथमोपचारात प्रश्न स्पर्शाचा. झोळी कशी बांधायची, गुडघ्याला पट्टी कशी गुंडाळायची, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे हात न लावता शिकवता येत नाही. पण हात कोणाचा आणि कोणाला, हे ठरवता येतं. मी प्रात्यक्षिक दुसऱ्या प्रौढावर करतो, पट्टी असेल तर माझ्याच पायावर. मग मुलं एकमेकांवर करतात, आणि कोणावर करून घ्यायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. कोणी ‘माझ्यावर नको’ म्हणालं तर विषय तिथं संपतो, कारण विचारायचं नाही आणि थट्टा होऊ द्यायची नाही. छाती दाबण्याचा सराव पुतळ्यावरच, माणसावर करायचाच नसतो. गाठ चुकली असेल तर मी बोटानं दाखवतो, ‘हे टोक वरून घे’ म्हणतो आणि थांबतो. वेळ जास्त लागतो, पण गाठ जन्मभर लक्षात राहते. दुसऱ्यानं ओढून सरळ केलेली गाठ कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पोहण्याचा बॅज असेल तर कपडे बदलायच्या खोलीचा प्रश्न आहे, छायाचित्रणाचा असेल तर मुलांचे फोटो कोणाच्या फोनमध्ये राहतात याचा. प्रत्येक विषयाची अशी एक अडचणीची जागा असते. ती त्या विषयाच्या मार्गदर्शकाला सगळ्यांत चांगली माहीत असते. त्यानं ती आधी समितीला सांगावी आणि तोड काढून कामाला लागावं.

जोडीदाराबद्दल एक गैरसमज दिसतो. पाण्यात उतरताना प्रत्येक मुलाला जोडीदार असतो, ठरावीक वेळानं शिट्टी वाजते आणि जोड्या हात धरून वर करतात. उत्तम पद्धत आहे, बॅजच्या भेटींनाही लागू करावी. पण बारा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या दुसऱ्या मुलाचा पहारेकरी समजू नका. लबाड माणूस दोघांनाही गप्प बसवू शकतो. जोडीदारामुळे मुलाला धीर येतो, संकोच कमी होतो, शिकणं रंगतं. जबाबदारी मात्र मोठ्यांचीच राहते, म्हणून जोडीदाराच्या जोडीला दुसरं मोठं माणूसही नजरेच्या टप्प्यात हवं. मोठ्या वयाचे स्काउट धाकट्यांना शिकवतात तिथंही हेच. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाला मोठाच वाटतो.

सहीचा अधिकार वापरतानाही काही पथ्यं आहेत. बॅजच्या अटी छापलेल्या असतात. ‘करून दाखवा’ लिहिलं असेल तर करून दाखवायचं, ‘सांगा’ असेल तर सांगायचं. त्यात वाढ करायची नाही आणि सूटही द्यायची नाही. पुष्कळांना हा नियम कोरडा वाटतो. मला तो सुरक्षिततेचा वाटतो. अट छापलेली आहे तोवर सही हा मुलाचा हक्क असतो. मार्गदर्शक मर्जीनं अटी घालायला लागला, ‘आधी माझं एवढं काम कर’, ‘अजून दोनदा ये’, ‘तुला म्हणून सोडतो, कोणाला सांगू नको’, की सहीची मेहेरबानी होते आणि मेहेरबानीची परतफेड मागता येते. तुझ्यासाठी खास भेटवस्तू, तुझ्यासाठी खास सवलत, आपलं दोघांचं गुपित, या वाटेनंच मुलांना जाळ्यात ओढलं जातं. पहिलं पाऊल मोठ्या गुन्ह्याचं नसतं. एक बारीकसा नियम वाकवून कोणी हटकतंय का ते आधी पाहिलं जातं. म्हणून बारीक नियम मोडला तरी हटकायचं असतं, आणि प्रामाणिक माणसालाही हटकायचं असतं. मला हटका. मी रागावणार नाही, आणि रागावलोच तर तेवढ्यासाठी माझ्याकडे दोनदा बघा.

सुरक्षितता म्हणजे फक्त लैंगिक अत्याचारापासून संरक्षण असंही नाही. चारचौघांत मुलाला ‘तुला काय जमणार’ म्हणणं, अडखळणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा बोलायला लावणं, शिक्षा म्हणून गाठी मारायला लावणं, यानंही मुलं मोडतात. बॅज करून दाखवण्यासाठी असतो, त्यात नापास कोणी नसतं. आज जमलं नाही तर पुढच्या भेटीत.

आता नेहमीचे आक्षेप. ‘आम्ही काय गुन्हेगार आहोत का?’ नाही. पण गुन्हेगार तरी कुठे तसा दिसतो? मी कोण आहे हे मुलांच्या पालकांना कळायला मार्ग नाही, माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं नाही. माझ्या चांगुलपणाचा प्रश्नच उद्भवू नये अशी व्यवस्था असेल तर मलाही ती हवी. खोट्या आरोपापासून तीच मला वाचवते, हे बोनस समजा. मुख्य कारण ते नाही, आणि मार्गदर्शकांना प्रशिक्षण देताना तेच पहिलं कारण म्हणून सांगितलं जातं ते मला आवडत नाही. त्यातून मुलांकडे संशयानं बघायची सवय लागते.

‘आमच्याकडे दुसरं माणूसच नसतं.’ ही अडचण खरी आहे. मग भेटीची जागा बदला: वाचनालय, शाळेचं मैदान, पथकाची नेहमीची बैठक चालू असताना खोलीचा एक कोपरा. बोलणं ऐकू येणार नाही पण दिसेल, एवढं पुरे असतं. दोन मार्गदर्शकांनी आपापले विषय एकाच जागी, एकाच वेळी घ्यावेत. पालकांना पुस्तक घेऊन बाजूला बसू द्या. स्काउटिंगचा कोणताही कार्यक्रम पालकांना बघायला खुला असला पाहिजे, कोणत्याही वेळी, न सांगता आले तरी. आणि यांतलं काहीच जमत नसेल तर भेट पुढे ढकला. बॅज आठवडाभर थांबू शकतो.

काही पथकांनी यावर भलताच उपाय काढलाय. एकट्यानं भेटायला नको ना, मग हॉलमध्ये पन्नास मुलं बसवा, दिवसभरात बॅज उरका, संध्याकाळी सह्यांचा रतीब घाला. मुलं सुरक्षित राहिली हे खरं, पण बॅज कुठे राहिला? अनोळखी मोठ्या माणसाला आपणहून फोन करणं, वेळ ठरवणं, त्याच्यासमोर बसून आपल्याला काय येतं आणि काय येत नाही ते सांगणं, हे बॅजमधलं अर्धं शिक्षण आहे. लाजाळू मुलं या एका गोष्टीनं बदललेली मी पाहिली आहेत. एक मुलगी पहिल्या भेटीत आईच्या आडून बोलायची. शेवटच्या भेटीत तिनं मला शनीची कडी दुर्बिणीत आणून दाखवली आणि मी चुकीच्या बाजूनं बघतोय म्हणून टोकलं. आई तेव्हाही तिथंच होती, दहा फुटांवर. कोणाची नजर असली म्हणून मुलांचं फुलणं अडत नाही.

समित्यांना थोडं स्पष्ट सांगतो. मार्गदर्शक नेमताना पोलीस पडताळणी, दोन ओळखीच्यांचं मत आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण हे तिन्ही घ्या, पण त्यावर निर्धास्त होऊ नका. स्वच्छ दाखला एवढंच सांगतो की माणूस अजून पकडला गेलेला नाही. माणूस कितीही मोठा असो, ‘त्यांना काय विचारायचं’ हे वाक्य समितीत उच्चारलं जाऊ नये. ज्या मुलांना हालचालीत किंवा समजण्यात मदत लागते, शौचाला किंवा कपडे बदलायला आधार लागतो, त्यांच्यासाठी कोण काय करणार ते पालकांबरोबर बसून आधी लिहून ठेवा. ऐनवेळी ठरवायची ही गोष्ट नाही.

आणि एखादं मूल काही सांगू लागलं तर? ऐका. मध्ये तोडू नका, उलटतपासणी घेऊ नका, ‘नक्की का?’ म्हणू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणारच आहे. सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, एवढं बोला. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. मग लगेच पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला स्वतः कळवा आणि त्यानंतर संस्थेला. स्काउटमास्टरच्या कानावर घातलं म्हणजे आपलं काम झालं, असं नाही. स्वतः चौकशी करायला जाऊ नका, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला ‘जरा सांभाळा’ असा निरोप तर मुळीच देऊ नका. त्या जुन्या फायलींमधली कितीतरी प्रकरणं अशाच समजूतदार निरोपांनी मिटवली गेली होती.

माझी मागणी लहान आहे. तुमच्या पुढच्या बैठकीत मार्गदर्शकांची यादी बाहेर काढा. प्रत्येक नावासमोर प्रशिक्षणाची तारीख, पडताळणीची तारीख आणि तो मुलांना कुठे भेटतो ते लिहा. ज्यांची तारीख उलटून गेली आहे त्यांना मुलं पाठवणं त्याच दिवशी थांबवा, त्यात माझं नाव असलं तरी. यादीची एक प्रत पालकांना द्या, आणि प्रत्येक बॅजच्या कार्डाच्या मागे एक ओळ छापून घ्या: भेटीला जोडीदार आणि घरचं किंवा पथकाचं एक मोठं माणूस असल्याशिवाय मार्गदर्शक काम सुरू करणार नाहीत.

आपला,
एक बॅज मार्गदर्शक